महासंगणक लिनक्सवर चालतो, मग गेम का नाही?

म्युनिकहून उत्तरेला येणारी यू-६ मेट्रो गार्चिंगच्या संशोधन संकुलात येऊन संपते. त्या शेवटच्या स्टेशनपासून चालत थोड्याच अंतरावर लायब्निट्स महासंगणन केंद्र आहे. तिथला 'सुपरम्यूक-एनजी' हा महासंगणक नोव्हेंबर २०१८ मध्ये जगातल्या सर्वात वेगवान ५०० संगणकांच्या यादीत आठवा होता. तीन लाखांहून जास्त कोअर, आणि सगळ्यांवर लिनक्स. यात नवल काही नाही. नोव्हेंबर २०१७ पासून त्या यादीतले पाचशेच्या पाचशे संगणक लिनक्सवरच चालतात.

हे सगळं मी एका रविवारी मित्राच्या सोळा वर्षांच्या मुलाला मोठ्या अभिमानाने सांगत होतो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, मग त्यावर विचर ३ चालतो का?"

नाही चालत. (एक तर त्यातल्या बहुतेक नोड्समध्ये ग्राफिक्स कार्डच नाही, आणि दुसरं म्हणजे मला नोकरी टिकवायची आहे.) पण त्याचा प्रश्न थट्टेचा नव्हता. त्याच्या २०१७ च्या लॅपटॉपचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. युरोपात वर्षभराची मुदतवाढ मिळाली, पण ती वर्षभराचीच. यंत्र तर धडधाकट आहे. ते टाकून नवं घ्यायचं, की त्यावर लिनक्स घालायचं? लिनक्स घातलं तर गेमचं काय? तुमच्याही घरात असा एखादा लॅपटॉप असेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुळात अडतं कुठे ते पाहू. गेम म्हणजे प्रोसेसरला दिलेल्या सूचनांची भली मोठी यादी: बेरीज कर, तुलना कर, तिकडे उडी मार. या सूचना थेट प्रोसेसरसाठी असतात. मशीनवर विंडोज आहे की लिनक्स, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. पण फाइल उघडायची, आवाज वाजवायचा, पडद्यावर चित्र काढायचं, की गेमला ऑपरेटिंग सिस्टिमकडे विनंती करावी लागते. विंडोजकडे विनंती करायची रीत वेगळी, लिनक्सकडे वेगळी.

यावर पहिला उपाय म्हणजे गेमच लिनक्ससाठी नव्याने बांधून घेणं. १९९८ मध्ये स्कॉट ड्रेकर यांनी कॅलिफोर्नियात 'लोकी सॉफ्टवेअर' काढली ती याचसाठी. दुसऱ्यांचे गाजलेले गेम परवाना घेऊन लिनक्सवर आणायचे आणि डब्यात घालून विकायचे. काम उत्तम होतं, गिऱ्हाईक पुरेसं नव्हतं. जानेवारी २००२ मध्ये कंपनी बंद झाली. आणि आज मागे पाहिलं तर दुसरीच गंमत दिसते. लोकीने तयार केलेल्या त्या आवृत्त्या आजच्या लिनक्सवर सहजासहजी चालत नाहीत, कारण त्या ज्या लायब्ररींवर उभ्या होत्या त्या बदलत गेल्या. त्याच काळातले विंडोजचे कितीतरी गेम मात्र लिनक्सवर चालतात! कसे, ते दुसऱ्या उपायात.

आपले आई-बाबा पहिल्यांदा जर्मनीत येतात तेव्हाचं आठवा. चालायला, जेवायला, हिशेब करायला त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. अडतं ते फक्त कचेरीच्या खिडकीशी. तिथे आपण शेजारी उभे राहतो. ते मराठीत सांगतात, आपण जर्मनमध्ये विचारतो. १९९३ मध्ये सुरू झालेलं 'वाइन' नेमकं एवढंच करतं. गेमच्या सूचना प्रोसेसर थेट, मूळ वेगाने पाळतो. विंडोजच्या नावाने आलेली विनंती तेवढी वाइन मध्येच घेतं आणि लिनक्सच्या पद्धतीने पुरी करतं. विंडोजच्या या विनंत्या हजारोंनी आहेत, आणि त्यातल्या काहींचं वागणं कुठेच नीट लिहिलेलं नाही. ते करून पाहूनच शोधावं लागलं. वाइनची १.० आवृत्ती यायला जून २००८ उजाडला. पण मायक्रोसॉफ्टने जुन्या विनंत्या सहसा मोडीत काढल्या नाहीत, म्हणून ही मेहनत वाया गेली नाही.

मोठ्या गेमचं खरं दुखणं चित्रात होतं. सेकंदाला ६० चित्रं हवीत म्हणजे प्रत्येक चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद. तेवढ्यात ग्राफिक्स कार्डला हजारो आज्ञा जातात, आणि त्या मायक्रोसॉफ्टच्या 'डायरेक्ट-थ्री-डी' पद्धतीच्या असतात. वाइन त्यांचं रूपांतर 'ओपन-जीएल'मध्ये करत असे. ओपन-जीएलमध्ये बरेच निर्णय ड्रायव्हर स्वतःच्या अंदाजाने घेतो. म्हणजे दुभाष्याने सांगितलेलं खिडकीमागचा कारकून पुन्हा आपल्या मनाने लावणार! वेळ तिथेच जायचा.

फेब्रुवारी २०१६ मध्ये 'व्हल्कन' आलं. त्यात मेमरी कुठे ठेवायची, आज्ञा कोणत्या क्रमाने द्यायच्या, हे प्रोग्रामनेच स्पष्ट सांगायचं असतं. लिहायला किचकट, पण दुभाष्याच्या दृष्टीने सोन्यासारखं. फिलिप रेबोले यांना 'निअर: ऑटोमाटा' हा गेम लिनक्सवर खेळायचा होता, त्या हट्टातून त्यांनी डायरेक्ट-थ्री-डीचं व्हल्कनमध्ये रूपांतर करणारं 'डीएक्सव्हीके' लिहिलं. अनेक गेमच्या बाबतीत विंडोजच्या तुलनेतला फरक आता डोळ्यांना जाणवत नाही.

यातली एक अडचण अजूनही भेटते. पाणी, धूर, कातडी कशी दिसावी हे ठरवणारे छोटे प्रोग्राम असतात, त्यांना शेडर म्हणतात. ते आधी भाषांतरित आणि मग तुमच्या कार्डासाठी कंपाइल व्हावे लागतात. पहिल्यांदा एखादा स्फोट दिसला की गेम क्षणभर अडखळतो, दुसऱ्यांदा नाही. सुरुवातीला अडखळला म्हणून लगेच लिनक्सला नावं ठेवू नका.

पैसा आला तो व्हॉल्व्हकडून. विंडोज ८ सोबत मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं दुकान आलं, तेव्हा आपलं 'स्टीम' दुसऱ्याच्या अंगणात उभं आहे हे त्यांना टोचलं. २०१३ मध्ये लिनक्ससाठी स्टीम आलं, २०१५ मध्ये 'स्टीम मशीन' आली आणि सपशेल पडली, कारण गेम कंपन्यांनी पुन्हा लिनक्स आवृत्ती बांधावी अशीच अपेक्षा होती. लोकीचीच चूक, जास्त पैसे घालून. मग २१ ऑगस्ट २०१८ रोजी वाइन, डीएक्सव्हीके वगैरे एकत्र बांधलेलं 'प्रोटॉन' जाहीर झालं, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यावर चालणारं हातातलं 'स्टीम डेक'.

आता उरलेली अडचण भाषांतराची नाही, विश्वासाची आहे. ऑनलाइन गेममध्ये लबाडी पकडणारी सॉफ्टवेअर असतात. विंडोजवर त्यातली काही थेट कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात शिरून पाहारा देतात. लिनक्सचा कर्नल कोणालाही बदलता येतो. मग पाहारेकऱ्याने विश्वास कोणावर ठेवायचा? 'ईझी अँटी-चीट' आणि 'बॅटल-आय' यांनी २०२१ मध्ये प्रोटॉनसाठी सोय केली, पण ती वापरायची की नाही हे गेम कंपनी ठरवते. फोर्टनाइटने ती वापरलेली नाही, आणि एपेक्स लेजेंड्सने २०२४ मध्ये लिनक्सला दिलेला प्रवेश काढून घेतला. मला त्यांची भीती समजते. तरी गेमसाठी आपल्या संगणकाचा गाभा दुसऱ्याच्या हाती द्यावा, हे माझ्या पचनी पडत नाही.

त्या मुलाने दोन रविवार घालवले. आधी सगळ्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर, मग लिनक्स, मग स्टीम. विचर ३ ची लिनक्स आवृत्ती कधीच आली नाही. प्रोटॉनवर मात्र तो मध्यम सेटिंगला छान चालतो. पहिल्या गावात शिरताना अडखळला, तेव्हा त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं. फोर्टनाइट खेळायला तो शनिवारी मित्राकडे जातो.