नाव आणि पत्ता

सन १९३६ मध्ये महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या सेगाव या लहानशा खेड्यात राहावयास आले. त्यांच्या नावे देशोदेशींची पत्रे येत. परंतु बुलढाणा जिल्ह्यात शेगाव नावाचे रेल्वेचे गाव आहे. नावांच्या या सारखेपणामुळे सेगावची पत्रे शेगावला जात. अखेर १९४० मध्ये सेगावचे नाव ‘सेवाग्राम’ असे ठेवण्यात आले. नावाचा गोंधळ झाला, तर महात्म्याचे पत्रही वाट चुकते. मग एखाद्या साध्या दुकानदाराची काय कथा?

पूर्वी परगावचा मनुष्य वर्ध्यास आला, म्हणजे तो पानठेल्यावर चौकशी करी. आज तो खिशातून फोन काढून शोधयंत्रास विचारतो. जगभरची माहिती गोळा करून, तिची सूची ठेवून, विचारलेल्या प्रश्नाला क्षणार्धात उत्तर देणारी संगणकीय व्यवस्था म्हणजे शोधयंत्र होय. गूगल हे त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध आहे.

समजा, शाळेच्या वाटेवर तुमची सायकल पंक्चर झाली. फोनवर ‘सायकल दुरुस्ती’ असे लिहिताच गूगल एक नकाशा दाखविते आणि त्यासोबत बहुधा तीन दुकानांची नावे देते. पूर्वी येथे सात नावे दिसत. ऑगस्ट २०१५ मध्ये ती तीनवर आली. उरलेली नावे पाहावयाची, तर पुढची यादी उघडावी लागते, आणि घाईत असलेला मनुष्य तेवढे कष्ट क्वचितच घेतो. त्यामुळे चौथ्या-पाचव्या क्रमांकाचा दुकानदार एकाएकी पडद्याआड गेला. त्याचे दुकान होते तेथेच होते आणि त्याचा हातही पूर्वीइतकाच कुशल होता.

ही नावे कशी निवडली जातात? गूगलने त्यासाठी मुख्यतः तीन कसोट्या सांगितल्या आहेत. पहिली, दुकान तुमच्या प्रश्नाशी किती जुळते. दुसरी, ते तुमच्यापासून किती अंतरावर आहे. म्हणून हाच प्रश्न हिंगणघाटला विचारला, तर एक उत्तर येईल आणि आर्वीला विचारला, तर दुसरे येईल. तिसरी, ते दुकान किती नावाजलेले आहे. यात गिऱ्हाइकांनी दिलेले अभिप्राय व तारे यांचाही विचार होतो. पैसे देऊन या क्रमात वर चढता येत नाही. मात्र पैसे देऊन केलेल्या जाहिराती जवळच दिसू शकतात. त्यांवर ‘प्रायोजित’ असे लिहिलेले असते. ते नीट पाहावे.

यादीत नाव नोंदविण्यास मोल पडत नाही. दुकानदाराने नाव, पत्ता, दूरध्वनी व दुकानाच्या वेळा भरावयाच्या असतात. दुकान खरोखर त्याचेच आहे, याची पडताळणीही होते. पूर्वी त्यासाठी गूगलकडून टपालाने एक पोस्टकार्ड येई व त्यावर सांकेतिक अंक असत. आता पुष्कळदा दुकानाची चित्रफीत मागितली जाते. दुकान दुसरीकडे हलविले आणि पत्ता बदलला नाही, तर सेगावच्या पत्रांप्रमाणे गिऱ्हाईकही भलतीकडे जाते.

मुलांनो, तुमच्या आळीतही एखादा म्हातारा कारागीर निंबाच्या झाडाखाली बसून सायकली दुरुस्त करीत असेल. त्याच्या दुकानास पाटी नाही आणि त्याचे नाव यादीतही नाही. त्याची इच्छा असेल, तर ते नाव नोंदविण्यास त्याला मदत करा. अभिप्राय लिहावयाचा, तर जे स्वतः अनुभवले तेवढेच लिहा. कारण खोट्या निंदेने गरिबाची रोजी बुडते व खोट्या स्तुतीने गिऱ्हाईक फसते. आणि पडद्यावर तीन नावे दिसली, तरी गावात तीनच दुकाने आहेत, असे समजू नका. यादी सोयीची खरी; परंतु बाजार तिच्याहून फार मोठा आहे. तो पाहावयाचा, तर पायी हिंडावे आणि माणसांना विचारावे.