धनगरवाड्यातला मनोरा

गेल्या वैशाखात कोयना खोऱ्याच्या वरच्या अंगाला एका धनगरवाड्यातला पवनचक्कीचा मनोरा आम्ही उतरवला. साठ फुटी पाइप, चार बाजूंच्या ताणाच्या तारा, तीन लाकडी पाती, गंजलेलं शेपूट. भंगारवाल्याने आधी तांबं वेगळं काढलं, मग लोखंड काट्यावर चढवलं. अकरा घरांत दहा वर्षं उजेड देणाऱ्या यंत्राचा भाव किलोवर ठरला, आणि ते मला फार लागलं. म्हणून हा मागोवा.

महाराष्ट्रात वाऱ्याच्या विजेची गोष्ट मोठ्या यंत्रांपासून सांगायची पद्धत आहे. 1986 साली देशातल्या पहिल्या पवनऊर्जा प्रकल्पांमध्ये रत्नागिरी होतं, तिथे 55 किलोवॅटची यंत्रं उभी राहिली. पुढे साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर पांढऱ्या चक्क्यांचं रानच उगवलं. त्या वर्षांबद्दल मला फारसं सांगण्यासारखं नाही. ती वीज उच्चदाबाच्या तारांनी दूर जायची, आणि आमच्या धनगरवाड्यात रॉकेलची चिमणी जळायची.

माझं दशक 2006 ला सुरू झालं. खाली गावात खांब होते, पण बारा-बारा तास लोडशेडिंग. वर वाड्यात खांबच नव्हता. सौर पॅनेल तेव्हा वॉटमागे दीड-दोनशे रुपयांना पडायचं. शिवाय आमच्याकडे जून ते सप्टेंबर ऊन दिसतच नाही. त्याच चार महिन्यांत वारा मात्र कौलं उचलून नेतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते, हे गणित मला पुस्तकाआधी वाड्यावरच्या सड्याने, म्हणजे उघड्या खडकाळ पठाराने, शिकवलं.

स्कॉटलंडच्या स्कोरेग द्वीपकल्पावर रस्ता जात नाही. तिथे राहणाऱ्या ह्यू पिगॉट यांनी घरच्या घरी पवनचक्की बनवायची रीत जगाला लिहून दिली. तीच आम्ही उचलली. दोन पोलादी चकत्या, प्रत्येकीवर बारा निओडिमियम चुंबक, मध्ये नऊ कॉइल रेझिनमध्ये गोठवलेली थाळी. आयटीआयच्या चार मुलांनी रंधा मारून पाती घडवली. शेपूट मुद्दाम तिरक्या बिजागरीवर बसवलं, म्हणजे वादळात ते आपोआप दुमडतं आणि चाक वाऱ्याच्या मारातून बाजूला होतं. चाक थांबवायचं असेल, तर जनित्राच्या तिन्ही तारा एकमेकींना जोडायच्या. मनोरा उभा करायला दोर, पुली आणि दहा माणसं लागली.

पहिल्या रात्री वाड्यातल्या आजी दिव्याखाली बसून पात्यांचा आवाज ऐकत राहिल्या. पुढे तो आवाज हाच त्यांचा हिशेब झाला. वारा पडला की त्या सांगायच्या, "पोरांनो, आज एकच दिवा लावा." विजेचं मोल इतकं अचूक जाणणारं घर मी शहरात पाहिलेलं नाही.

याच वर्षांत लहान पवनचक्क्यांना केंद्राचं अनुदान मिळू लागलं. किलोवॅटमागे लाखभर रुपये, शाळा-संस्थांना दीड लाख. पैसा वाईट नव्हता, पण तो यंत्र उभं राहण्यावर मिळायचा, चालण्यावर नाही. आमच्याच तालुक्यात एका शाळेच्या गच्चीवर पुरवठादाराने चक्की बसवली. शेजारी आंब्याची झाडं, समोर पाण्याची टाकी. गच्चीवर वारा घुसळतो, सरळ वाहत नाही. चाकाचं खालचं टोक आसपासच्या सगळ्या अडथळ्यांहून तीस फूट तरी वर हवं, हा या विद्येचा पहिला धडा. पुरवठादाराला तो ठाऊक होता. फोटो निघाले, बिल मंजूर झालं, दुसऱ्या पावसाळ्यात बेअरिंग गेलं आणि त्याचा फोन बंद झाला. तपासायला आलेल्या साहेबांनी यंत्र मोजलं, युनिट कुणी मोजले नाहीत. त्या थांबलेल्या चाकाकडे बोट दाखवून लोक म्हणू लागले, "वाऱ्याचं काही खरं नाही." तो डाग आम्हालाही लागला. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

2010 नंतर पॅनेल झपाट्याने स्वस्त झालं. 2017 मध्ये घरोघरी वीजजोडणी देणारी केंद्राची सौभाग्य योजना आली आणि वाड्यात खांब पोहोचला. खांबाचं मी मनापासून स्वागत केलं, अंधाराचं कौतुक मला कधीच नव्हतं. पण त्याच सुमारास चक्कीची वीज साठवणाऱ्या बॅटऱ्या संपल्या. चक्की जाणणारी चारही मुलं तोवर पुण्याला पोटामागे गेली होती. मनोरा आणखी काही वर्षं नुसता उभा राहिला.

अमेरिकेतही हेच झालं होतं. तिथले पवनचक्की बनवणारे मार्सेलस जेकब्स यांची चक्की इतकी भक्कम, की संशोधक रिचर्ड बर्ड यांच्या अंटार्क्टिक मोहिमेतही ती गेली. 1936 च्या ग्रामीण विद्युतीकरण कायद्याने शेताशेतांत तारा नेल्या आणि 1950 च्या दशकात जेकब्स यांचा कारखाना बंद पडला. पण तिथे तारा टिकल्या. आमच्याकडे आषाढात झाड पडतं आणि वाडा आठ-आठ दिवस अंधारात बसतो. पॅनेलवर ढग, खांबात वीज नाही, आणि माथ्यावरून वारा तसाच वाहून जातो.

लहान पवनचक्की सगळ्यांसाठी नाही. शहरातल्या गच्चीवर ती कुणी विकायला आला, तर घेऊ नका. पण घाटमाथ्यावरच्या वाड्यांना पॅनेलच्या जोडीला ती आजही हवी आहे. त्यासाठी आधी वर्षभर वारा मोजा, पैसे युनिटवर द्या, आणि प्रत्येक तालुक्याच्या आयटीआयमध्ये मनोरा उतरवून बेअरिंग बदलणारी दोन मुलं तयार करा, त्यांना गावातच पगार द्या. आमची चक्की वारा कमी पडला म्हणून थांबली नाही. तिला उतरवून ग्रीस लावणारा माणूस गावात उरला नाही, म्हणून थांबली.