बारावीपर्यंत आपलं, पुढे परकं

अमेरिकेत राहण्याचा कायदेशीर परवाना नसलेल्या मुलाला सरकारी शाळेत फुकट शिकवायचं की नाही, हा वाद तिथल्या सुप्रीम कोर्टाने 1982 साली मिटवला. तेच मूल शाळा संपवून कॉलेजात गेलं तर त्याला सरकारी मदत द्यायची का, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही, आणि 2025 मध्ये तो पुन्हा जोराने पेटला. माझं मत आधीच सांगून टाकणं बरं. ज्या राज्याने बालवर्गापासून बारावीपर्यंत 13 वर्षं एखाद्या मुलाला शिकवलं, त्यानेच पुढच्या चार वर्षांसाठी त्याला परकं ठरवणं हा त्या मुलावर अन्याय आहे, आणि राज्याने स्वतःच घातलेला पैसा पाण्यात सोडणंही आहे.

शाळेचा निकाल कसा लागला ते आधी पाहायला हवं, कारण पुढचा सगळा वाद त्यातूनच निघतो. टेक्सासने 1975 मध्ये कायदा बदलला आणि कागदपत्रं नसलेल्या मुलांसाठीचा निधी शाळांना द्यायचं बंद केलं. टायलर गावच्या शाळांनी मग अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला 1,000 डॉलर फी लावली. मेक्सिकोहून मजुरीला आलेल्या माणसांना ही रक्कम झेपणारी नव्हतीच. चार कुटुंबांनी दावा लावला. कोर्टात गेलो तर तिथूनच पकडून देशाबाहेर काढतील, या धास्तीने ते आईबाप घरचं सामान गाडीत भरून सुनावणीला आले होते. त्यांना लोकांच्या नजरेत यावं लागू नये म्हणून सप्टेंबर 1977 मधली ती सुनावणी सकाळी सहाला ठेवली होती. पाच वर्षांनी सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी त्या मुलांच्या बाजूने कौल दिला. न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांच्या निकालाचा गाभा साधा होता: आईबापांच्या कृत्याची शिक्षा मुलांना देता येत नाही, आणि निरक्षर माणसांचा कायमचा एक थर देशात तयार करून कुणाचंच भलं होत नाही. पण हा निकाल शाळेपुरता होता. कॉलेजबद्दल त्यात काहीच नव्हतं.

म्हणून खरी अडचण सुरू होते ती सतराव्या-अठराव्या वर्षी. वर्गातली सगळी मुलं केंद्र सरकारच्या मदतीचा अर्ज भरत असतात. त्याला तिथे ‘फाफ्सा’ म्हणतात. त्यात सोशल सिक्युरिटी नंबर विचारतात, नागरिकत्व विचारतात. नंबर नाही, नागरिकत्व नाही, म्हणजे गरीब विद्यार्थ्यांसाठीची पेल ग्रँट नाही, सरकारी कर्जही नाही. आपण इतरांपेक्षा वेगळे आहोत हे कित्येक मुलांना पहिल्यांदा त्या रिकाम्या चौकटीपाशी कळतं. त्यावर फीचा बोजा असतोच. कॅलिफोर्निया विद्यापीठात 2024-25 साली नव्याने दाखल झालेल्या राज्यातल्या विद्यार्थ्याची फी सुमारे 14 हजार डॉलर होती, आणि ‘बाहेरचा’ ठरला की तिच्यावर आणखी 34 हजार. हॉटेलात भांडी घासणाऱ्या किंवा शेतात फळं तोडणाऱ्या माणसाने वर्षाला 48 हजार डॉलर कुठून आणायचे?

इथे राज्यं पुढे आली. सुरुवात केली टेक्साससारख्या पुराणमतवादी राज्याने, 2001 मध्ये, रिपब्लिकन गव्हर्नर रिक पेरी यांच्या सहीने. त्याच वर्षी कॅलिफोर्नियानेही कायदा केला: राज्यातल्या हायस्कूलमध्ये तीन वर्षं शिकून तिथूनच उत्तीर्ण झालेल्या मुलाला राज्यातल्यांचीच फी. आपल्याकडे मेडिकलला राज्याच्या कोट्यासाठी दहावी-बारावी महाराष्ट्रातून झाली आहे का ते बघतात, त्याच जातीची ही अट. मूल कुठे शिकलं त्यावरून ते कुठलं ते ठरवायचं. मुलाने लेखी हमीही द्यायची, की कायदेशीर दर्जासाठी अर्ज करण्याची संधी मिळेल तेव्हा मी तो करेन. पुढे 2011 मध्ये गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी आणखी दोन कायद्यांवर सह्या केल्या आणि कॅल ग्रँटसारखी राज्याची शिष्यवृत्ती या मुलांना खुली झाली. त्यासाठीच्या वेगळ्या अर्जात सोशल सिक्युरिटी नंबर लागत नाही. न्यू यॉर्क आणि न्यू जर्सीनेही नंतर हीच वाट धरली.

विरोधकांचं म्हणणं मी हलकं समजत नाही. पहिला आक्षेप असा, की करदात्यांचा पैसा कायदा मोडणाऱ्यांना का द्यायचा? पण कर ही माणसंही भरतात. घर भाड्याचं असलं तरी भाड्यातून मालमत्ता कर जातो, दुकानात विक्रीकर जातो, कितीतरी जणांच्या पगारातून थेट कपातही होते. ‘इन्स्टिट्यूट ऑन टॅक्सेशन अँड इकॉनॉमिक पॉलिसी’ या अभ्याससंस्थेच्या अंदाजाप्रमाणे 2022 साली कागदपत्रं नसलेल्यांनी एकूण 96.7 अब्ज डॉलर कर भरला. शिवाय कायदा मोडलाच असेल तर तो आईबापांनी. दोन वर्षांचं मूल सीमा ओलांडायची की नाही हे ठरवत नसतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नेवाडातल्या अमेरिकन मुलीने कॅलिफोर्नियात जास्त फी भरायची आणि परवाना नसलेल्याने कमी, हे कसं? अमेरिकी काँग्रेसने 1996 च्या कायद्यात हेच बजावलं होतं: केवळ राज्यात राहतो म्हणून अशा मुलाला सवलत द्यायची असेल, तर तीच प्रत्येक अमेरिकन नागरिकाला द्या. पण कॅलिफोर्नियाची अट राहण्याची नसून शाळेची आहे. कॅलिफोर्नियात तीन वर्षं शिकून कुटुंबासह नेवाडाला गेलेल्या अमेरिकन मुलीलाही तीच कमी फी लागते, आणि कॅलिफोर्निया विद्यापीठात या सवलतीचा फायदा घेणाऱ्यांत बहुसंख्य विद्यार्थी नागरिक किंवा कायदेशीर रहिवासीच असल्याचं विद्यापीठाच्या आकडेवारीत दिसलं. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये हा कायदा एकमताने उचलून धरला. शिष्यवृत्तीत नागरिकांचा हिस्सा जाईल ही भीतीही 2011 च्या कायद्याने ध्यानात घेतली होती. स्पर्धेने मिळणारी कॅल ग्रँट आधी बाकीच्या पात्र विद्यार्थ्यांना, उरली तरच यांना.

पदवी घेऊन नोकरीच करता येणार नसेल तर उपयोग काय, या प्रश्नाला मात्र माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. ओबामांनी 2012 मध्ये ‘डाका’ योजनेतून अशा तरुणांना कामाचा परवाना दिला, पण तो जून 2007 च्या आधी आलेल्यांनाच. आज अठरा वर्षांचं असलेलं मूल तेव्हा जन्मलेलंही नव्हतं किंवा पाळण्यात होतं. या मुलांना कायमचा दर्जा देणारं ‘ड्रीम ॲक्ट’ विधेयक 2010 मध्ये सिनेटमध्ये 55 विरुद्ध 41 असं अडकलं, कारण तिथे 60 मतं लागत होती. राज्याची शिष्यवृत्ती ही उणीव भरून काढू शकत नाही. तरी दारं हळूहळू किलकिली होतात. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सर्जिओ गार्सिया यांना कागदपत्रं नसताना वकिलीची सनद दिली. शिक्षणच नसतं तर सनदेचा प्रश्न आला नसता.

आपल्या माणसांतही या विषयावर एक वाक्य ऐकू येतं: आम्ही रांगेत उभे राहिलो, त्यांनी रांग मोडली. एच-1बी वर गेलेल्या मराठी इंजिनिअरची रांग खरीच लांब आहे. ग्रीन कार्डात एका देशाला सात टक्क्यांच्या वर वाटा नाही, त्यामुळे भारतीयांवर वर्षानुवर्षं तिष्ठत बसण्याची वेळ येते. पण अकुशल मजुरांसाठी साऱ्या जगाला मिळून कायद्याने वर्षाला जास्तीत जास्त 10 हजार ग्रीन कार्डं आहेत. त्या मजुराला उभं राहायला रांगच जवळजवळ नव्हती. आणि आपलीही मुलं या प्रश्नापासून लांब नाहीत. एच-4 व्हिसावर लहानपणी गेलेल्या मुलाला केंद्राची मदत मिळत नाही, आणि एकविसाव्या वर्षी आईबापांच्या व्हिसावरचा त्याचा आसरा संपतो. ज्या देशात बाराखडीऐवजी एबीसी शिकला, त्याच देशात त्याला परदेशी विद्यार्थी म्हणून नवा व्हिसा मागावा लागतो. कागद रीतसर असूनही हे घडतं. दोघांच्या बाबतीत प्रश्न एकच आहे: जिथे वाढला तिथला तो आहे की नाही?

टेक्सासने या प्रश्नाला 2001 मध्ये ‘आहे’ असं उत्तर दिलं होतं. तो कायदा रद्द करणारं विधेयक 2025 च्या अधिवेशनात आलं, पण सभागृहात मतदानाला पोचलंच नाही. अधिवेशन संपल्यावर 4 जूनला केंद्राच्या न्याय विभागाने टेक्सासवर दावा लावला. राज्याच्या ॲटर्नी जनरलनी कायद्याचा बचाव न करता दावा मान्य केला आणि न्यायाधीशांनी त्याच दिवशी कायद्याला कायमची मनाई केली. त्यानंतर केंटकी, मिनेसोटा, ओक्लाहोमा आणि इलिनॉयवरही तसेच दावे झाले. टायलरच्या आईबापांना 1977 मध्ये सकाळी सहाला का होईना, कोर्टात उभं राहता आलं होतं. 2025 च्या त्या दिवशी ज्यांची फी ठरत होती, त्यांच्यापैकी एकाचंही म्हणणं कोर्टाने ऐकलं नाही.