टकळीवर भरणारा वर्ग

लोखंडी काडी, तिला बुडाशी पितळी चकती, टोकाला बारीक आकडा: ही टकळी. काडीला बोटांनी गिरकी द्यायची आणि दुसऱ्या हातातला पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, हळूच वर खेचायचा. नवशिक्या मुलाचं सूत कुठे दोरीएवढं जाड, कुठे केसासारखं, आणि मग पटकन तुटतं. शेजारच्या मुलीची तार मात्र हातभर सरळ निघते. एकाच चटईवर बसलेल्या या दोघांना एकच पाठ कसा शिकवायचा?

या प्रश्नाचं एक अजब उत्तर वर्ध्याच्या शिक्षणयोजनेत सापडतं. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला तिथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचं मोफत, सक्तीचं शिक्षण मातृभाषेतून आणि एखाद्या हस्तोद्योगाभोवती द्यावं, असं ठरलं. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रम आखला. साडेपाच तासांच्या शाळेत हस्तोद्योगाला 3 तास 20 मिनिटं! मातृभाषेला 40 मिनिटं, गणित, संगीत आणि चित्रकला मिळून आणखी 40. हे वेळापत्रक आजच्या पालकाला दचकवेल. मुलांचे श्रम विकून शाळा चालवणार का, ही शंका तेव्हाही निघाली होती, आणि ती रास्तच होती. समितीनेही आपल्या अहवालात बजावलं होतं, की कमाईवर भर गेला तर शिक्षण हरवेल.

पण या तासांत नुसतं सूत कातायचं नव्हतं. उद्योगाच्या आत गणित, भाषा, भूगोल गुंफायचा. याला नाव होतं ‘समवाय’. कापसाच्या वऱ्हाड-वर्ध्यात त्यासाठी साधन शोधावं लागलं नाही. सरकी काढणं, पिंजणं, पेळू वळणं, कातणं: प्रत्येक पायरीवर कुणाला ना कुणाला जमेल असं काम होतं.

मोजमापच बघा. एक तार म्हणजे चार फूट, 160 तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी. लहानग्याने तारा नुसत्या मोजल्या, दहा-दहाचे गट केले, तरी त्याचा हिशेब सुरू झाला. पाढे येणाऱ्याने गुंडीच्या 640 तारांचे फूट काढायचे. त्याच्याही पुढच्याने गुंडी तराजूत टाकायची: चार तोळ्यांच्या जवळपास भरली तर सूत साधारण 10 अंकाचं (अंक म्हणजे सुताच्या बारीकपणाचं माप), दोन तोळ्यांच्या जवळपास भरली तर 20 अंकाचं. गुंडी हलकी तसा अंक मोठा, म्हणजे व्यस्त प्रमाण आपोआप तळहातावर येतं. वस्तू एकच, प्रश्न तीन. शिक्षकाला पाठाच्या टिपणात तीन प्रश्न आणि कुणाला कोणता, एवढंच आधी ठरवायचं असतं. माझ्या मते, अशी आखणी प्रत्येक पातळीच्या मुलांसाठी वेगळा पाठ छापण्यापेक्षा कितीतरी सोपी आहे. शिवाय पाढ्यांत अडखळणारा मुलगा कातण्यात पुढे असू शकतो; मग दुसऱ्यांना शिकवायची पाळी त्याची.

टकळीने सगळंच सुटतं असं मुळीच नाही. वाचायला न येणाऱ्या मुलाला अक्षरांचा सराव वेगळाच लागतो, तो सुतातून मिळत नाही.

वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला ई. डब्ल्यू. आर्यनायकम् आणि आशादेवी या दांपत्याने हिंदुस्तानी तालीमी संघामार्फत हा प्रयोग अनेक वर्षं चालवला. पुढे तो थंडावला. 2005 मध्ये तिथेच ‘आनंद निकेतन’ शाळा पुन्हा सुरू झाली, आणि शेती, स्वयंपाक, सूतकताई ही कामं अभ्यासातच मोडू लागली.