'आपटा' : एक शब्द आणि तीन गणना

रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यात, पाताळगंगेच्या काठी, आपटा हे गाव आहे. गावाचे नाव वृक्षाच्या नावाशी एकरूप आहे. या एका शब्दाच्या आधारे तीन निरनिराळ्या गणना संभवतात : रानात आपट्याची झाडे किती, मराठी लेखनात 'आपटा' हा शब्द किती वेळा येतो, आणि तालुक्यातील गावे लोकसंख्येच्या क्रमाने मांडल्यास आपटा गावाचे स्थान कितवे. पहिली गणना निसर्गाची, दुसरी भाषेची, तिसरी समाजाची. विषय इतके भिन्न असूनही अशा गणनांतून पुष्कळदा एकाच घाटाची आकृती निघते, ही गोष्ट विसाव्या शतकातील अभ्यासकांना विशेष विचारार्ह वाटली.

ती आकृती अशी : थोड्या घटकांचा आढळ फार मोठा आणि बहुसंख्य घटकांचा अगदी अल्प. फेलिक्स औअरबाख यांनी १९१३ मध्ये नगरांच्या लोकसंख्येत ती दाखविली. फिशर, कॉर्बेट व विल्यम्स यांनी १९४३ मध्ये कीटकांच्या नमुन्यांत जातिनिहाय संख्येची अशीच विषमता मांडली. भाषेच्या क्षेत्रात जॉर्ज किंग्स्ली झिफ यांचे १९३५ व १९४९ चे ग्रंथ प्रसिद्ध आहेत. शब्दाचा क्रमांक आणि त्याची वारंवारता यांचा गुणाकार स्थूलमानाने स्थिर राहतो, असे त्यांचे प्रतिपादन. एखाद्या ग्रंथात पहिल्या क्रमांकाचा शब्द १००० वेळा आला, तर दुसरा सुमारे ५०० आणि दहावा सुमारे १०० वेळा यावा.

तथापि, मोजावयाचे नेमके काय, हे ठरविल्यावाचून मोजणीस अर्थ येत नाही. 'आपटा' हे वृक्षनाम आहे, ग्रामनाम आहे, आणि 'आपटणे' या धातूचे आज्ञार्थी रूपही आहे. 'आपटे' हे वृक्षनामाचे अनेकवचन. परंतु छापील मराठीत ते हरि नारायण आपटे, वामन शिवराम आपटे अशा व्यक्तींच्या आडनावाच्या रूपानेही भेटते. 'आपट्याची', 'आपट्यांना' ही सामान्यरूपे वेगळे शब्द धरली, तर विरळ घटकांची संख्या वाढते. मूळ शब्दाखाली एकत्र केली, तर घटते. मराठीसारख्या रूपसमृद्ध भाषेत वक्राचा उतार अशा रीतीने संशोधकाच्या पूर्वनिर्णयावर अवलंबून राहतो.

दुसरा प्रश्न वाटणीचा. दसऱ्याला आपट्याची पाने सोने म्हणून दिली जातात. वृत्तपत्रांतील हा शब्द म्हणूनच आश्विनात दाटीने येणार आणि इतर महिन्यांत क्वचित. वर्षाची सरासरी एकच आकडा देईल. शब्दाचे खरे जीवन त्यात दिसणार नाही.

सर्वांत गंभीर प्रश्न कारणाचा आहे. झिफ यांनी या नियमाचे मूळ मानवी श्रमलाघवात शोधले. हर्बर्ट सायमन यांनी १९५५ मध्ये दाखविले, की जे वारंवार आले ते पुन्हा येण्याचा संभव अधिक, एवढ्या गृहीतावरही अशी आकृती उभी राहते. जॉर्ज मिलर यांनी १९५७ मध्ये याहून पुढची गोष्ट मांडली : अक्षरे आणि मोकळी जागा यदृच्छेने टंकित केली, तरी त्या निरर्थक 'शब्दां'तून तत्सदृश वक्र निघतो. तेथे श्रमही नाही, हेतूही नाही.

यावरून नियम निरुपयोगी ठरत नाही. त्याच्या साक्षीची मर्यादा मात्र कळते. झाडे बीजप्रसाराने पसरतात, गावे उपजीविका व दळणवळण यांमुळे वाढतात, शब्द प्रयोगाने रूढ होतात. तिन्ही वक्र जुळले, म्हणून तिन्ही प्रक्रिया एक ठरत नाहीत. वक्र जुळल्याचे सांगणाऱ्या संशोधकाने आपला घटक कोणता, त्याची वाटणी कशी, आणि निव्वळ यदृच्छेहून अधिक असे त्यात काय उरले, या तीन प्रश्नांची उत्तरे दिली पाहिजेत. त्यानंतरच आकृतीचे रूपांतर ज्ञानात होते.