पोट कमी करण्याचं पॅकेज घेण्याआधी चार प्रश्न



बोळिंजहून रिक्षाने विरार स्टेशनला निघा, नाहीतर लोकलच्या लेडीज डब्यात बसा. ‘एका दिवसात पोट कमी’, ‘सुलभ हप्ते’ अशी एखादी तरी जाहिरात दिसतेच. मोबाईलवर तर रोजच. आता हा विषय बचत गटाच्या बैठकीतही आलाय. आमच्या एका गटात बाळंतपणानंतर सुटलेलं पोट ऑपरेशनने काढण्यासाठी एका ताईंनी कर्ज मागितलं. काहीजणी हसल्या. पण रोज घरात ‘किती सुटलीस’ ऐकणाऱ्या बाईचं दुःख हसण्यासारखं नाही. गटाने अर्ज फेटाळला नाही, आधी नीट माहिती काढायची असं ठरवलं. तीच माहिती आज सगळ्यांसाठी.

पहिली गोष्ट: चरबी काढण्याचं ऑपरेशन आणि वजन कमी करण्याचं ऑपरेशन ही दोन वेगळी आहेत.

चरबी काढतात त्याला लायपोसक्शन म्हणतात. बारीक नळी घालून कातडीखालची चरबी ओढून घेतात. पण मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढवणारी चरबी पोटाच्या आत, आतड्यांभोवती असते. तिला ही नळी हात लावत नाही. म्हणून हा लठ्ठपणावरचा उपाय नाही, फक्त आकार बदलतो. आणि बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू सैल होऊन फाकले असतील, तर चरबी काढूनही पोट पुढेच दिसतं.

यात धोका काय? रक्तस्राव, जंतुसंसर्ग, नळीने आतड्याला इजा, भुलीच्या औषधाचा त्रास. चरबीचे कण रक्तात शिरून फुप्फुसात अडकले तर जीव जाऊ शकतो. मे २०२२ मध्ये बंगळुरूत चेतना राज ही अवघ्या २१ वर्षांची कन्नड टीव्ही अभिनेत्री चरबी काढण्याच्या ऑपरेशननंतर त्याच दिवशी गेली. आपल्याला न कळवता, पुरेशा सोयी नसलेल्या ठिकाणी ऑपरेशन केलं, असा आरोप तिच्या आईवडिलांनी केला. ऑपरेशन ‘छोटं’ म्हटलं तरी शरीराला ते छोटं नसतं.

दुसरं ऑपरेशन जठराचं, म्हणजे बॅरिएट्रिक. यात बहुतेक वेळा जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून काढतात. हा खरा वैद्यकीय उपचार आहे आणि अति लठ्ठ माणसांना त्याचा उपयोग होतो. पण तो कोणासाठी? आपल्याकडचे डॉक्टर साधारण असा हिशेब धरतात: पाच फूट उंचीच्या बाईचं वजन ८७ किलोच्या वर असेल, किंवा ७५ च्या वर असून सोबत मधुमेहासारखा आजार असेल, तरच विचार करायचा. ६२ किलोच्या बाईसाठी हे ऑपरेशन नाही. शिवाय नंतर लोह, कॅल्शियम, बी-१२ च्या गोळ्या आणि रक्ततपासणी जन्मभर. आपल्यात आधीच कितीजणींचं हिमोग्लोबिन कमी असतं, ते आठवा. ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष दिवस राहू द्यायचे नसतात, हेही आधीच सांगितलं गेलं पाहिजे.

आता गोळ्या, पावडरी आणि इंजेक्शनं. सिब्युट्रामिन नावाचं वजन कमी करणारं औषध हृदयाला धोका म्हणून भारतात २०११ मध्ये बंद झालं. तरी ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ लिहिलेल्या पाकिटांत ते लपवून मिसळलेलं जगभरात सापडत आलंय. ‘स्लिमिंग चहा’त बऱ्याचदा सोनामुखीसारखं जुलाबाचं औषध असतं. काटा दोन किलोने खाली येतो तो पाण्याने, चरबीने नाही. मार्च २०२५ मध्ये मौन्जारो हे आठवड्याला घ्यायचं इंजेक्शन भारतात आलं. ते खरं औषध आहे, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. उलट्या, पित्ताचे खडे, स्वादुपिंडाला सूज असे त्रास होऊ शकतात. पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांचा परिणाम त्याने कमी होऊ शकतो. इंजेक्शन थांबवलं की वजन बहुधा परत येतं. पार्लरमध्ये किंवा ओळखीच्या बाईकडून ते कधीही टोचून घेऊ नका.

तरीही ऑपरेशनचा विचार असेल, तर पैसे भरण्याआधी हे चार प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून घ्या.

१. ऑपरेशन कोण करणार? नाव, पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा. चरबी काढायची तर प्लास्टिक सर्जन हवा. यूट्यूब पाहणं किंवा कार्यशाळेत नुसतं बघणं हे अशा कामाचं पुरेसं शिक्षण नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच बजावलं आहे.

२. भूल कोण देणार? भूलतज्ज्ञ डॉक्टर शेवटपर्यंत तिथे हजर हवा.

३. त्रास झाला तर पुढे काय? अतिदक्षता विभाग तिथेच आहे का? नसेल तर कुठल्या रुग्णालयात नेणार, किती वेळात? रुग्णालयाचं नोंदणी प्रमाणपत्र आणि दरपत्रक भिंतीवर लावलेलं असायला हवं, ते वाचा.

४. एकूण खर्च किती? तपासण्या, औषधं, पट्टा, पुन्हा दाखवायला जाणं, बुडालेली मजुरी, सगळं धरा. केवळ दिसण्यासाठी केलेल्या ऑपरेशनचा खर्च आरोग्य विम्यातून साधारणपणे मिळत नाही.

‘आजच भरा, उद्या सवलत नाही’ असं म्हणणाऱ्याकडे उद्याही जाऊ नका. समजत नसलेल्या कागदावर सही करू नका, आणि घरच्या एकाला तरी सांगूनच जा.

दुसरा मार्ग हळू आहे, पण सुरक्षित आहे. कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर गेला असेल तर सरकारी आरोग्य केंद्रात साखर, रक्तदाब आणि थायरॉईड तपासून घ्या. वजन एकाएकी वाढलं असेल तर कारण तिथेच सापडू शकतं. सुटलेल्या पोटासाठी फिजिओथेरपिस्टकडून स्नायूंचे व्यायाम शिकून घ्या. ताटात भात थोडा कमी, वालाची उसळ, मासे आणि पालेभाजी जास्त घ्या. उरलंसुरलं वाया जाऊ नये म्हणून आपणच संपवतो, ती सवय सोडा.

गटाच्या पुढच्या बैठकीत हे चार प्रश्न वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून ठेवा. आणि आपल्यातल्या एखादीला ‘जाडी’ म्हणून हाक मारत असाल, तर ती आजपासून बंद करा. अशा जाहिरातींकडे बाईला ढकलण्याची सुरुवात बऱ्याचदा तिथूनच होते.