तबकडीवरून शिकलेला ब्लूज : फ्लीटवुड मॅकचा पहिला अल्बम

फ्लीटवुड मॅक म्हटलं की बहुतेकांना १९७७ चा ‘रूमर्स’ आठवतो. पण या बँडची सुरुवात अगदी वेगळ्या संगीतापासून झाली. २४ फेब्रुवारी १९६८ रोजी इंग्लंडमध्ये ‘ब्लू होरायझन’ कंपनीने त्यांचा पहिला अल्बम काढला. निर्माते होते माइक व्हर्नन, आणि संगीत होतं ब्लूज.

ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या कृष्णवर्णीयांचं संगीत. कामाच्या शोधात ही माणसं शिकागोसारख्या शहरांत गेली आणि तिथे त्याला इलेक्ट्रिक गिटारची जोड मिळाली. त्याची सर्वांत रूढ रचना साधी आहे. बारा बारचं एक आवर्तन, बहुधा प्रत्येक बारमध्ये चार मात्रा. पहिली ओळ दोनदा गायची, तिसरीने तिला उत्तर द्यायचं. चौकट ठरलेली असते. गायक-वादक त्यात काय भरतो, यावर सगळं अवलंबून. ख्याल ऐकणाऱ्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको.

लंडनच्या पीटर ग्रीनने १९६६ मध्ये जॉन मेयॉल यांच्या ‘ब्लूजब्रेकर्स’मध्ये एरिक क्लॅप्टनची जागा घेतली होती. पुढच्याच वर्षी त्याने स्वतःचा बँड काढला. त्याला नाव मात्र ड्रमवादक मिक फ्लीटवुड आणि बेसवादक जॉन मॅकव्ही यांचं दिलं. गंमत म्हणजे मॅकव्ही तेव्हा मेयॉल यांच्याकडेच होता. नाव आधी लागलं, माणूस नंतर आला! तोवर बेस सांभाळणारा बॉब ब्रनिंग अल्बममधल्या ‘लाँग ग्रे मेअर’ या गाण्यात ऐकू येतो.

दुसऱ्याचं संगीत आपलंसं कसं करायचं, हा या तरुणांपुढचा खरा प्रश्न होता. गुरुसमोर बसण्याची सोय नव्हती; बरंचसं शिक्षण तबकड्या ऐकून झालेलं. अल्बममध्ये या प्रश्नाची दोन उत्तरं सापडतात. दुसरा गिटारवादक जेरेमी स्पेन्सर हा एल्मोर जेम्स यांचा निस्सीम भक्त. बोटात नळी घालून ती तारांवरून सरकवत मींडेसारखा स्वर काढण्याची त्यांची शैली त्याने हुबेहूब उचलली. ‘शेक युअर मनीमेकर’ हे जेम्स यांचंच गाणं. ते १९६३ मध्येच वारले होते.

ग्रीनची वाट निराळी. तो कमी स्वर वाजवतो आणि मध्ये जागा सोडतो. ‘द वर्ल्ड कीप ऑन टर्निंग’मध्ये फक्त त्याचा आवाज आणि गिटार आहे. चौकट शिकागोची, पण दुःख त्याचं स्वतःचं वाटतं. नक्कल आणि आत्मसात करणं यांतला फरक इथे कानांना कळतो. अर्थात स्पेन्सरच्या भक्तीलाही कमी लेखू नये. परंपरेत दोघेही लागतात.

गाजलेलं एकही गाणं हाताशी नसताना हा अल्बम ब्रिटनच्या यादीत चौथ्या क्रमांकावर गेला. पुढे जानेवारी १९६९ मध्ये ही मंडळी शिकागोच्या ‘चेस’ स्टुडिओत गेली आणि विली डिक्सन, ओटिस स्पॅन यांच्यासारख्या जाणत्यांबरोबर बसून वाजवलं. तबकडीवरचे गुरू अखेर समोर भेटले.

घरातल्या तरुणांकडून ‘रूमर्स’ ऐकाल तेव्हा त्यांना हा पहिला अल्बमही लावायला सांगा. आणि त्यानंतर एल्मोर जेम्स यांचं मूळ गाणंही अवश्य ऐका.